गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू : जुन्या गाडीतील अधूनमधून येणाऱ्या दोषाचे निदान

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांतल्या खानदेशी कुटुंबांच्या गाड्या वर्षभर सुरतेत धावतात आणि दिवाळीला, आखाजीला किंवा लग्नसराईत गावाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी इथपर्यंत काही तक्रार नसते. कोंडाईबारीच्या चढावर इंजिन झटके खाते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली की पहिल्याच सेल्फला चालू होते. परतल्यावर गॅरेजमध्ये नेली तर गाडी ठणठणीत असते. मेकॅनिक म्हणतो, बंद पडेल तेव्हा आणा. मालक म्हणतो, बंद पडल्यावर आणू कशी?

कायमचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो समोर असतो. अधूनमधून येणारा दोष मात्र तपासणीच्या वेळी नसतोच. त्यामुळे त्याच्या निदानाबद्दल गॅरेजांत, प्रशिक्षण संस्थांत आणि वाहन अभियंत्यांत गेली अनेक वर्षे मतभेद आहेत. आधी भाग बदलून पाहावा, स्कॅनर लावावा की मीटर घेऊन बसावे? आणि या शोधात जाणाऱ्या तासांचे पैसे कोणी द्यावेत? या प्रश्नांची आजची स्थिती इथे क्रमाने मांडली आहे. भर पेट्रोल आणि सीएनजी मोटारींवर आहे.

पार्श्वभूमी : तीन पिढ्या, एक सीमा

आज रस्त्यावर दिसणारी जुनी मोटार तीनपैकी एका पिढीची असते. पहिली पिढी कार्ब्युरेटरची : प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००. या गाड्यांत दोष शोधायचा तो डिस्ट्रिब्युटर, कॉइल, प्लग, पंप आणि जेट यांत. टेस्ट लॅम्प, फीलर गेज आणि सरावलेला कान एवढ्यावर काम भागे.

दुसरी पिढी २००० सालच्या आसपासची. १ एप्रिल २००० पासून देशभर ‘इंडिया २०००’ हे प्रदूषण निकष लागू झाले आणि त्यानंतर एमपीएफआयने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या यंत्रणेने, कार्ब्युरेटरची जागा झपाट्याने घेतली. इंजिनाचा कारभार ईसीयू या संगणकाकडे आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या सेन्सरांकडे गेला. पण दोष कळवण्याची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी होती. काही गाड्यांत निदानाच्या कपलरमधल्या ठरावीक पिना वायरने जोडायच्या आणि चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचायचा, अशी रीत होती.

तिसरी पिढी ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ पासून. भारतात बीएस-४ (भारत स्टेज-४) निकषाच्या मोटारींसाठी पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला.

सुरत आणि खानदेश यांच्यातली एक सीमा इथे महत्त्वाची ठरते. बीएस-३ निकष २००५ मध्ये आधी निवडक महानगरांत लागू झाले आणि त्यांत सुरत होते. २०१० मध्ये बीएस-४ लागू झालेल्या १३ शहरांतही सुरत होते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे दोन्ही वेळा मागच्या निकषावर राहिले. देशभर बीएस-४ आले ते २०१७ मध्ये. म्हणून २०११ साली घेतलेली एकाच मॉडेलची मोटार जीजे-०५ क्रमांकाची असेल तर बीएस-४ आणि ओबीडीसह, तर एमएच-३९ किंवा एमएच-१८ क्रमांकाची असेल तर बीएस-३, असे घडू शकते. बाहेरून दोन्ही सारख्या. आत ईसीयू, सेन्सर किंवा वायरिंग वेगळे. दोन्ही बाजूंनी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री चालते. त्यामुळे निदानाची सुरुवात गाडी कोणत्या निकषाची आहे हे पाहण्यापासून करावी लागते.

दोष लपतो का?

अधूनमधून येणारा दोष मनमानी नसतो. विशिष्ट परिस्थिती जुळली की तो येतो, आणि परिस्थिती बदलली की जातो. या परिस्थितीचे चार घटक सर्वमान्य आहेत.

पहिला घटक उष्णता. क्रँकशाफ्टची गती सांगणाऱ्या सेन्सरमध्ये अनेकदा बारीक तारेचे वेटोळे असते. जुने झाल्यावर त्यात तडा गेला तर थंड असताना तारेची टोके टेकलेली राहतात आणि तापल्यावर सुटतात. ईसीयूला इंजिन फिरतेय हेच कळत नाही, म्हणून तो स्पार्कही थांबवतो आणि पेट्रोलही. इग्निशन कॉइल, पेट्रोल पंप आणि रिलेतला तडकलेला सोल्डर यांचेही तसेच. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाण्याचे अभिसरण थांबते, म्हणून बॉनेटखालचे तापमान थोडा वेळ उलट वाढते. हमरस्त्यावर बिनतक्रार आलेली गाडी चहासाठी थांबल्यावर पुन्हा चालू होत नाही, त्यामागे बहुधा हे कारण असते. कार्ब्युरेटरच्या गाडीत याच वेळी नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो.

दुसरा घटक ओलावा. पावसाळ्यात प्लगच्या जुन्या वायरींमधून आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून विजेची गळती होते. सुरतेत याला पुराची जोड आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या मानाचा पूर पुन्हा आला नसला तरी मिठी खाडीचे पाणी लिंबायत परिसरात आजही पावसाळ्यात चढते. गाडीच्या तळातून जाणाऱ्या कपलरमध्ये एकदा पाणी शिरले की ते वाळते, पण पिनांवर हिरवट गंज राहतो. तो कित्येक महिन्यांनी त्रास देऊ लागतो, आणि तेव्हा पुराची आठवण कोणालाच नसते.

तिसरा घटक हादरा : सैल थिंबल, घासलेली वायर, उंदराने कुरतडलेले आवरण, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जुनाट अर्थिंगची पट्टी. चौथा घटक भार. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. पंपाकडून पेट्रोलही जास्त हवे असते. सपाट रस्त्यावर निभावून नेणारी कमकुवत कॉइल किंवा अर्धवट तुंबलेला फिल्टर घाटात उघडा पडतो, तो यामुळे.

पहिली भूमिका : अनुभवावरून भाग बदलणे

सर्वांत जुनी आणि सर्वांत रूढ पद्धत मिस्त्रींची आहे. एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्या हाताखालून गेलेल्या माणसाला कोणता भाग केव्हा दगा देतो हे पाठ असते. तो दुसऱ्या गाडीची चांगली कॉइल किंवा रिले तात्पुरती लावून पाहतो आणि गाडी मालकाला चालवायला देतो. या पद्धतीच्या बाजूने भक्कम मुद्दे आहेत. तिला महागडी साधने लागत नाहीत, कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय गाड्यांत दुसरा मार्गही फारसा नसतो, आणि भाग स्वस्त असेल तर तो बदलणे हे तासभर मोजत बसण्यापेक्षा परवडते.

आक्षेपही तितकेच ठोस आहेत. भाग बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला जातो. त्यात पिनांवरचा गंज खरवडला जातो आणि दोष काही आठवडे नाहीसा होतो. श्रेय नव्या भागाला मिळते आणि खरा दोष तसाच राहतो. शिवाय बाजारातला डुप्लिकेट सेन्सर नवा असूनही सदोष निघू शकतो, आणि मग तपासाची दिशाच चुकते. तीन-चार भाग एकदम बदलले तर नेमके कशाने जमले हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी भूमिका : आधी स्कॅनर

ओबीडीच्या गाड्यांबाबत दुसरा पक्ष म्हणतो, गाडीलाच विचारा. ईसीयू दोषाचा कोड साठवतो आणि त्या क्षणीची गती, तापमान, इंजिनावरचा भार यांची नोंदही ठेवतो. बरेचसे दोष एकदा दिसल्यावर आधी ‘प्रलंबित’ म्हणून नोंदले जातात आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच दिवा लागतो. म्हणजे दिवा न लागताही स्कॅनरमध्ये धागा सापडू शकतो. ब्लूटूथवर चालणारी छोटी यंत्रे आता स्वस्तात मिळतात, त्यामुळे मालक स्वतःही प्रवासात आकडे नोंदवू शकतो. गाडी बंद पडत असताना चाके इंजिनाला फिरवत आहेत आणि तरी स्कॅनरवर गती एकदम शून्य झाली, तर संशय क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे जातो.

या भूमिकेच्या मर्यादा तिचे समर्थकही मान्य करतात. कोड सर्किटचे नाव सांगतो, भागाचे नव्हे. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. दोष सेन्सरमध्ये असेल, वायरमध्ये, कपलरमध्ये किंवा अर्थिंगमध्येही. जुन्या गाड्यांतला माहितीचा वेग कमी असल्याने काही मिलिसेकंदांचा खंड स्कॅनरला दिसतही नाही. आणि कोड वाचून लिहून न ठेवता पुसला, किंवा बॅटरीची वायर काढली, तर हाती आलेला पुरावा नष्ट होतो. ही चूक सर्रास होते.

तिसरी भूमिका : मोजल्याशिवाय बदलू नका

तिसरा पक्ष मापनाचा आहे. त्याचे म्हणणे असे की अधूनमधून येणारा दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो, आणि जोडणीची परीक्षा तिच्यातून करंट वाहत असतानाच होते. बहुपेडी वायरचा एकच पेड शिल्लक असेल तरी मल्टिमीटर रोध जवळजवळ शून्य दाखवतो, कारण मीटरचा करंट नगण्य असतो. पंप चालू झाला की तोच पेड तापतो आणि व्होल्टेज कोसळते. म्हणून वायर काढून रोध मोजण्याऐवजी, यंत्रणा चालू असताना तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजावा. चांगल्या अर्थिंगवर तो व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहायला हवा. स्वस्थ बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि अल्टरनेटर चालू असताना १४ च्या आसपास दाखवते. ही दोन मापे आधी बरोबर आली नाहीत तर पुढच्या तपासाला अर्थ उरत नाही.

दोष मुद्दाम घडवून आणणे हे या पद्धतीचे दुसरे अंग. संशयित सेन्सर हेअर ड्रायरने तापवायचा, तापून बंद पडलेल्या सेन्सरवर थोडे पाणी टाकून गाडी चालू होते का पाहायचे, इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवायचा, अंधारात प्लगच्या वायरींवर पाण्याचा फवारा मारून ठिणग्या दिसतात का ते निरखायचे. पंपाच्या वायरीला जोडलेला छोटा दिवा केबिनमध्ये आणला, तर गाडी थांबत असताना पंपाला करंट होता की नव्हता हे चालकाला दिसते. ऑसिलोस्कोप असेल तर सेन्सरचा क्षणिक खंडही पडद्यावर पकडता येतो.

अडचण वेळेची, शिक्षणाची आणि कागदांची आहे. वायरिंगचा आराखडा नसेल तर मोजायचे कुठे हेच कळत नाही, आणि जुन्या गाड्यांचे आराखडे लहान गॅरेजपर्यंत क्वचितच पोहोचतात.

सुरतेतला घटक : सीएनजी

सुरतेत गुजरात गॅसच्या जाळ्यामुळे जुन्या मोटारींना सीएनजी किट बसवण्याची चाल रुळलेली आहे. निदानाच्या दृष्टीने त्याचे दोन परिणाम होतात आणि ते परस्परविरोधी आहेत.

एकीकडे दोन इंधने हे आयते तपासणी साधन आहे. दोष फक्त गॅसवर येत असेल तर रिड्यूसर, गॅसचा फिल्टर किंवा गॅस इंजेक्टर पाहावेत. फक्त पेट्रोलवर येत असेल तर पंप आणि पेट्रोल इंजेक्टर. दोन्हींवर येत असेल तर इग्निशन, सेन्सर, मुख्य रिले किंवा कॉम्प्रेशन. एका बटणाने अर्ध्या शक्यता बाद होतात. केवळ पेट्रोलच्या गाडीत ही सोय नाही.

दुसरीकडे किटच नवे दोष आणते. त्याच्या वायरी मूळ हार्नेस कापून जोडलेल्या असतात आणि प्रत्येक जोड हा पुढच्या दोषाचा उमेदवार असतो. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमकुवत कॉइल आधी गॅसवर मिसिंग मारते. दीर्घकाळ गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा झिजून टॅपेटचे अंतर कमी होते. मग थंड असताना ठीक चालणारे इंजिन गरम झाल्यावर आयडलला थरथरते. हा दोष कोणत्याही स्कॅनरमध्ये स्वतःच्या नावाने दिसत नाही. आणि गॅसवर चालते म्हणून टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवण्याची सवय पंपाला बाधते, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी सुरक्षेसाठी अनिवार्य आहे. वायरिंगच्या जोडांना मात्र अशी मुदत नाही.

नवा वाद : २० टक्के इथेनॉल

जुन्या गाड्यांच्या निदानात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. एप्रिल २०२३ पासून ई-२० ला अनुकूल गाड्या बनू लागल्या आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभरच्या पंपांवर पोहोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोठ्या नुकसानीची भीती निराधार ठरवली, मात्र काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील हे मान्य केले. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मेकॅनिकसमोरचा प्रश्न धोरणाचा नाही. इथेनॉल ओलावा शोषतो आणि टाकीतला जुना थर सोडवतो. महिनोन्‌महिने गॅसवर चालणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल पडून राहते. ऑक्सिजन सेन्सर असलेला ईसीयू मिश्रणातला फरक काही मर्यादेत सांभाळतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून झटके खाणाऱ्या जुन्या गाडीत इंधन हा संशयित आहेच. पण प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारणे हेही निदान नव्हे.

बाहेरच्या जगातले दोन दाखले

हा प्रश्न केवळ लहान गॅरेजांचा नाही. १९८० च्या दशकात फोर्डने इग्निशन मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरच बसवले. तापल्यावर ते बंद पडे आणि निवल्यावर पुन्हा चालू होई, त्यामुळे तपासणीत दोष सापडत नसे. प्रकरण न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २००० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी त्यात तडजोड झाली.

जनरल मोटर्सचे प्रकरण अधिक गंभीर होते. तिच्या काही लहान मोटारींत किल्लीला धक्का बसला की इग्निशन स्विच सरके, इंजिन थांबे आणि एअरबॅगही निकामी होत. २००६ मध्ये स्विचची रचना सुधारण्यात आली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना आणि नवा स्विच एकच समजून तपास वर्षानुवर्षे भरकटला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि नुकसानभरपाई योजनेने १२४ मृत्यूंचा या दोषाशी संबंध मान्य केला. ‘तपासले, काही सापडले नाही’ या शेऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे या आकड्यातून कळते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोबदल्याचा. गॅरेजचे बिल भाग आणि मजुरी यांवर बनते. शोधात गेलेल्या तासांना त्यात वेगळी ओळ नसते. भाग न बदलता केवळ अर्थिंग साफ करून दोष घालवणाऱ्या मेकॅनिकला सर्वांत कमी पैसे मिळतात. मालकाची बाजूही समजण्यासारखी आहे : काहीच सापडले नाही तर पैसे कशाचे द्यायचे? तपासणीची रक्कम आधी ठरवून घेणे हा मार्ग सुचवला जातो, पण त्याची सवय दोन्ही बाजूंना नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. उत्पादन थांबलेल्या मॉडेलचे आराखडे खुले करण्याची सक्ती असावी का, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न खातरजमेचा. जो दोष महिन्यातून एकदा येतो, तो गेला हे कधी म्हणायचे? मापन पक्षाचे उत्तर आहे की दोष घडवून आणता आला आणि दुरुस्तीनंतर तशाच परिस्थितीत तो आला नाही, तरच तो गेला. पण प्रत्येक दोष गॅरेजमध्ये घडवता येत नाही.

चौथा प्रश्न खर्चाच्या सीमेचा. १५ वर्षांनंतर मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० ठरले. ज्या कुटुंबाला दुसरी गाडी घेणे शक्य नाही, त्याच्यासाठी नेमके निदान म्हणजे गाडी ठेवणे आणि भंगारात देणे यांतला फरक असतो.

आज आपण कुठे आहोत

तिन्ही भूमिकांचा मेळ बसतो तो क्रमात. आधी चालकाची नोंद : इंजिन किती गरम होते, किती वेळ चालले होते, चढ होता की सिग्नल, पाऊस होता का, गॅस होता की पेट्रोल, बंद पडताना झटके आले की एकदम थांबले. एकदम थांबणे विजेकडे बोट दाखवते, धडपडत थांबणे बहुधा इंधनाकडे. मग गाडीचा निकष, बॅटरी, अर्थिंग आणि कपलर. मग स्कॅनर, कोड लिहून घेऊन. मग दोष घडवून मोजणे. भाग बदलणे शेवटी, आणि एका वेळी एकच. मिस्त्रीचा अनुभव या क्रमात कुठेही वाया जात नाही. पुढच्या पायरीवर आधी कुठे पाहायचे हे तोच सांगतो.

या क्रमाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो हा क्रम पाळण्यासाठी लागणारा वेळ, आराखडे आणि मोबदला कोण पुरवणार याचा. हे तिन्ही मिळाले तर उधन्यातले लहान गॅरेजही हे निदान करू शकते, कारण लागणारे ज्ञान गुप्त नाही आणि बहुतेक साधने महाग नाहीत. तोपर्यंत मालकाच्या हाती एक गोष्ट नक्की आहे : गाडी बंद पडली त्या क्षणाची नोंद तिथेच, तेव्हाच लिहून ठेवणे. तो पुरावा दुसरे कोणीही गोळा करू शकत नाही.